चावलेले चमचे

"पुन्हा एक चमचा यंत्रात घातला सूनबाईने," गॅरेजमध्ये चमच्याच्या चावलेल्या कडेवर कानस चालवता चालवता वेंडेल पुटपुटले. त्यांच्या दिवंगत बायकोने, डोरीनने, हौसेने घेतलेले स्टीलचे बारा चमचे, त्यातला हा पाचवा. ताटं सिंकमध्ये निपटून ठेवायचे ते स्वतः. पण सिंकच्या भोकातलं खरकटं दळायचं यंत्र चालू करायची सून, मार्लिस. सासूची आठवण घरात नको, म्हणून मुद्दाम चमचे आत ढकलते, अशी त्यांची पक्की खात्री होती.

"मी कशाला ढकलू, बाबा?" ती म्हणायची. सोमवारी लायसन्ससाठी त्यांचे डोळे तपासायचे होते. रोज सकाळी गाडी काढून गावातल्या म्हाताऱ्यांसोबत कॉफी प्यायची, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. त्यामुळे डोळ्यांचा विषय घरात कोणी काढत नव्हतं.

शुक्रवारी मार्लिस नवऱ्याबरोबर दोन दिवस माहेरी गेली. आता चमचे सुखरूप, म्हणत वेंडेलनी जेवून ताट निपटलं, भोकात वाकून नीट पाहिलं, काही नव्हतं. त्यांनी बटण दाबलं आणि यंत्र खडखडाट करून अडकलं.

रविवारी मार्लिस परतली तेव्हा ते गॅरेजमध्ये सहावा चमचा घासत बसले होते. तिने तो पाहिला, पण विचारलं एवढंच, "झाला का गुळगुळीत?"



"तूच बघून सांग, मार्लिस. मला आता दिसत नाही गं."