चार श्वासांची दरी

हाक दरीत टाकली की ती परत यायला चार श्वास लागत. आठ वर्षांच्या मुंगीने आल्या-आल्या ते मोजून घेतलं होतं.

कठड्याशी आधी बाबा गेले. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची वीस वर्षं गेलेली, खड्ड्यात उतरण्याआधी ओरडून बघायची सवय अंगात मुरलेली. इथेही ते तेच ओरडले, “खाली कुणी आहे का?”

चार श्वास. “...आहे का? ...आहे का?”

“दरीलाच माहीत नाही, तुला काय सांगणार?” आत्या म्हणाली. “हो बाजूला.” तिने दोन्ही तळवे तोंडाशी धरले. “चहा!”

“चहा... हा... हा...”

“बघा, हसते मेली. देत कुणी नाही.”

सगळे हसले. नर्सही हसली, पण जरा मागे राहून. पाच महिन्यांपूर्वी बाबांशी लग्न होऊन या घरात आल्यापासून ती अशीच हसत होती, उंबऱ्याबाहेर उभं राहून हसावं तशी. वॉर्डातल्या चाळीस खाटा एका शब्दात गप्प करणारी बाई, पण घरात दबकत बोलायची. मुंगी तिला ‘अहो’ म्हणे. दुसरी कुठली हाक दोघींमध्ये अजून रुजली नव्हती.

बाबा सतरंजी झटकायला मागे गेले.

“आता मी,” मुंगी म्हणाली. ती कठड्याच्या खालच्या दांडीवर चढली, छाती भरून घेतली आणि ओरडली, “आई!”

बाबांच्या हातातली सतरंजी तशीच राहिली. मुंगीची आई गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून हा शब्द कुणी इतक्या मोठ्याने उच्चारला नव्हता.

एक श्वास. दोन. तीन. चार. काही आलं नाही. पाच. सहा. वारासुद्धा पडला.

मग खालून आलं, “ओ.”

मोठ्याने नाही. स्वयंपाकघरातून, हात ओले असताना देतात, तशी ओ.

आत्याने नर्सकडे पाहिलं. नर्सने मान हलवली. मी नाही.

“पायवाटेनं कुणी जात असेल,” बाबा म्हणाले. खाली पायवाट नव्हती. खाली नुसतं धुकं होतं, तापत ठेवलेल्या दुधासारखं हलणारं.

मुंगीने एक पाय कठड्यापलीकडे टाकला. “खाली आहे ती,” पलंगाखाली पेन्सिल सापडावी इतक्या सहज तिने सांगितलं.

“मुंगे!” बाबा दहा पावलांवरून धावले. त्या ओरडण्याने ती दचकली आणि दांडीवरून बाहेरच्या बाजूला कलली.

नर्स हाताच्या अंतरावर होती. पण तिने हात पुढे केला की मुंगी अंग आखडून मागे होत असे. रोज होत असे, रस्ता ओलांडतानासुद्धा. आणि आता मागे काहीच नव्हतं. नर्सने बाबांना तळहात दाखवून जागच्या जागी थांबवलं. तापात बरळणारे म्हातारे कोपऱ्यातल्या कुणाशी बोलू लागले, तर ‘तिथे कुणी नाही’ असं तिने आजवर एकालाही म्हटलं नव्हतं.

“अगं, पण न विचारता कसं जायचं?” ती वॉर्डातल्या आवाजात म्हणाली. “आधी विचार. येऊ का म्हणावं.”

“वहिनी!” आत्याच्या तोंडून जेमतेम निघालं. “डोकं फिरलं का तुमचं?”

मुंगीला मात्र ते पटलं. विचारल्याशिवाय कुणाकडे जायचं नाही, हे तिला आईनेच शिकवलं होतं. तिने खाली वाकून विचारलं, “आई, येऊ का?”

बाबांनी डोळे मिटून घेतले. नर्सने मिटले नाहीत. फक्त फोटोत पाहिलेल्या एका बाईच्या पदरात तिने पोर टाकली होती, चार श्वासांपुरती.

चार श्वास.

“येऊ का?” खालून आलं. “...येऊ का?”

मुंगीच्या कपाळावर आठी पडली. तिने मान वळवली. “अहो... तीच विचारतेय.”

“ऐकलं मी.”

“तिला वर यायचंय. काय सांगू?”

आत्या दोन्ही हातांनी नको नको करत होती. नर्सने दरीकडे पाहिलं. मग हवेत लोंबणाऱ्या त्या इवल्याशा चपलेकडे पाहिलं.

“ये म्हणावं,” ती म्हणाली. “गाडीत जागा आहे. पण तू अलीकडे हो बघू. तिला चढायला वाट नको?”

मुंगीने पाय आत घेतला. दांडीवरून उतरली, दोन पावलं मागे सरली आणि बाजूला झाली. मग म्हणाली, “ये.” इतकं हळू, की कठड्यापर्यंतही पोचलं नसेल.

चार श्वास गेले. आणखी चार गेले. दरी रिकाम्या घरासारखी गप्प राहिली.

डबे न उघडताच सगळे परत निघाले. पुढे बाबांशेजारी आत्या बसली. मागे एका खिडकीशी मुंगी, दुसऱ्या खिडकीशी नर्स. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं.

“जरा सरक ना गं,” मुंगी म्हणाली.

आपल्यालाच म्हणतेय, हे कळायला नर्सला एक क्षण लागला.

“तिला दाटी होतेय.”

नर्स अंग चोरून दाराला टेकली. बाबांनी समोरच्या आरशात एकदा मागे पाहिलं. मग हात वर करून त्यांनी आरसा छताकडे फिरवला आणि गाडी हळू घेतली, मागे कुणाला झोप लागली असावी तशी.