झऱ्यावरची मोजणी

“सहा दिवसांत चारशे बारा बायका?” वामनराव साहेबांनी तक्ता मिटला. “मी या झऱ्यावर तीनदा येऊन गेलो, सिंधूताई. एकही बाई दिसली नाही.”

“रोज पहाटेपासून दहापर्यंत मोजल्यात, साहेब.”

“आज मी मोजतो. साठ भरल्या तर तुमची खोली. नाहीतर माझा सज्जा.”

लोणारच्या खाऱ्या तळ्याकाठी हा गोड्या पाण्याचा झरा. देवीला जाणारे इथं आंघोळ करून पुढं जात. लोकांसाठी काय बांधायचं ते पर्यटन खातं मोजणीवरून ठरवणार होतं. सिंधूताईंनी बायकांना कपडे बदलायला खोली मागितली होती. साहेबांना कड्यावर तळं बघायला सज्जा हवा होता. दोन्हींपैकी एकच होणार होतं.

साहेब झऱ्यासमोरच्या खडकावर बसले. घड्याळात सात वाजले होते. जानेवारीची थंडी होती.

पुरुष येत होते, अंग चोळत होते, धोतरं पिळून जात होते. वरवट बकाल गावाहून देवीला आलेल्या उकंडरावांना साहेबांनी थांबवलं.

“काय हो, इथं बायका येतात का?”

“येतेत ना. पण आमी कुठं पाह्यतो, साहेब? घरी जेवाले भेटलं पाहिजे ना!”

साहेब हसले. सिंधूताई हसल्या नाहीत.

मागच्या सीताफळीच्या झाडीत काहीतरी सळसळलं.

“वानरं,” साहेब म्हणाले.

दहा वाजता नोंद झाली. पुरुष एकतीस. स्त्रिया शून्य.

सिंधूताईंनी आपला तक्ता पुन्हा उघडला. एकेक ओळ बोटानं तपासली. आकडे बरोबर होते. तरीही झरा रिकामा होता. कालच्या एकोणसत्तर बायका आज कुठं गेल्या?

“चूक होते माणसाची,” साहेब समजुतीनं म्हणाले. “हा तक्ता मी पुढं पाठवत नाही.”

त्यांनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात देवळापाशी नारळ विकणाऱ्या रुखमाबाई झाडीतून खाली आल्या. पदर तोंडावर ओढून साहेबांकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“ताई, या साहेबाले उठवा ना वो. काऊन बसून राह्यले सकाळपासून? तिकडं त्रेसष्ट बाया ताटकळून राह्यल्या. अठरा तर साहेब यायच्या आधी न्हायल्या, तवापासून ओल्याच हायत.”

साहेब उठले. झाडीकडे न बघता, मान खाली घालून, भराभरा चढ चढू लागले. अर्ध्या वाटेवर पाठमोरेच थांबले.

“सिंधूताई, भिंती किती उंच घ्यायच्या?”