मोडलेली सीडी

परीक्षेच्या तोंडावर वडिलांनी लेकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या लाडक्या खेळाची सीडी काडकन मोडली होती. गावं वसवायची, सैन्य उभं करायचं आणि शेजारचं राज्य जिंकायचं, यात पोरगा तहानभूक विसरायचा. त्या दिवशी मनात बसलेली अढी पुढे लग्न झालं, पोरं झाली तरी सुटली नाही.

आज तो न कळवता घरी आला, तर निवृत्त वडील कॉम्प्युटरला चिकटलेले. पडद्यावर तोच किल्ला, तेच घोडेस्वार! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, मग माझी सीडी का मोडलीत?"

वडिलांनी मान वर न करता सैन्य पुढे दामटलं.


"मोडली ती कोरी होती रे! घरात कॉम्प्युटर एकच, आणि तू मेल्या खुर्ची सोडायचा नाहीस!"