लखलखीत फ्रीज

पोट बिघडवणाऱ्या जंतूंमधलं विषाचं जनुक उलगडण्यात साहेबांची हयात गेली होती, त्यामुळे कँटीनच्या मावशी त्यांना माणूस नव्हे, चालतीबोलती रोगाची साथच वाटायच्या. "माझा वाढदिवसाचा केक तुमच्या त्या कळकट फ्रीजमध्ये ठेवू?" असं म्हणत साहेबांनी नाक मुरडलं आणि केक आपल्या प्रयोगशाळेतल्या लखलखीत फ्रीजमध्ये नेऊन ठेवला.

दुपारी सगळ्यांनी मावशींच्या हातचं जेवण केलं, वर साहेबांचा केक खाल्ला. दुसऱ्या दिवशी अख्खा विभाग पोट धरून संडासाबाहेर रांगेत उभा होता.

"त्या बाईला आजच्या आज हाकला!" साहेब रांगेतूनच कडाडले. "आणि जंतूचं जनुक तपासा. स्वच्छता कशाशी खातात हे ठाऊक नाही तिला, पुरावाच तोंडावर फेकतो!"

तपासणी झाली. सहकारी बाई निकाल घेऊन आल्या आणि मावशींच्या देखतच म्हणाल्या,

"सर, विषाच्या जनुकात तुम्ही स्वतः घातलेली खूण आहे. असा जंतू जगात तुमच्या प्रयोगाच्या एकाच बशीत वाढतो, आणि ती बशी फ्रीजमध्ये तुमच्या केकच्या वरच्या कप्प्यात कलंडलेली सापडली."