किल्लीचा ठसा

आईने निक्षून सांगितलं होतं, “रविवारपर्यंत जमलं नाही, तर तुझ्या डार्करूममध्ये पुन्हा सायकलींची अडगळ.” तळघरातल्या त्या खोलीला हवा हवी होती, उजेड मात्र कणभरही नको होता. पंख्यासाठी भिंतीला भोक पाडलं. अंधारात मी फोटोच्या कागदावर किल्ली ठेवून थांबले. कागद रसायनात धुतला, तर काळवंडला. किल्लीचा पांढरा ठसा उमटला. म्हणजे हवेमागून उजेडही शिरलाच. मी हात टेकले. “उजेड सरळमार्गी असतो, हवा कशीही वळते,” प्लंबर बाबा म्हणाले. त्यांनी आतून काळ्या केलेल्या पाइपाला दोन एल्बो, म्हणजे काटकोनी वळणं, जोडून तो भोकात बसवला. पुन्हा किल्ली ठेवली, कागद धुतला आणि मी नाचतच जिना चढले, “काहीच नाही आलं!” “अरेरे,” आई खुशीत म्हणाली, “मग सायकली उतरवू?” बाबांनी तो पांढराशुभ्र कागद चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगला. खाली लिहिलं: ‘फोटो: मुलगी. अंधार: बाबा.’