काचेवरचे किडे

"शी!" व्हर्ननने हातातलं फडकं आपटलं.

मोटरसायकलच्या पुढच्या काचेवर किडे चिकटले होते. पिवळे, हिरवे, चिकट, आणि मधोमध कुणाचं तरी अख्खं पोट फुटलेलं. ही काच त्याने परवा स्वतः पुसून लखलखीत केली होती. काल तर तो दिवसभर फिनिक्सला, दंतवैद्यापुढे आ वासून बसला होता. मग गाडी फिरवली कुणी?

त्यांच्या त्या वाळवंटी गावात विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या गाडीच्या सीटवर कुणी रुमालसुद्धा ठेवत नसे. आणि इथे कुणीतरी खुशाल मांडी टाकून आलं होतं!

तेवढ्यात पंपवाला ऑरव्हिल खोकं काखेत मारून आला. "हा घे तुझा इंजिनाचा पंखा. काय रे, काल हायवेवर मस्त हात केलास! डावा हात खाली, दोन बोटं पुढे, बाइकवाल्यांची सलामीच. एकदम रुबाबात."

"तो मी नव्हतो."

"हेल्मेट तुझं, जाकीट तुझं, गाडी तुझी. मग काय तुझं भूत होतं?"

 व्हर्ननने मागच्या अंगणातल्या ट्रेलरकडे, त्या चाकांवरच्या घराकडे पाहिलं. दाराशी त्याचा मेहुणा रॉडनी बसला होता. तोंडात तंबाखू, हातात सोड्याचा रिकामा डबा. पचक! तपकिरी लाळेची तार डब्यापासून हनुवटीपर्यंत लोंबली.  नोकरी गेली, घर गेलं म्हणून हा बहिणीच्या आसऱ्याला आला, आणि आता थेट गाडीवर?

राग गिळून तो कामाला लागला. पंखा बसवायची कल्पना मात्र अर्लीनची, त्याच्या बायकोची. जी बाई मोटरसायकलचं नाव काढलं की नाकाला रुमाल लावायची, वीस वर्षांत जिने मागच्या सीटवर बूड टेकवलं नव्हतं, तीच एक दिवस म्हणाली, "सिग्नलला थांबलं की उजवी मांडी भाजून निघते. बसव एकदाचा पंखा." व्हर्नन अगदी विरघळला होता. किती ती काळजी!

त्याने इंजिनाच्या डाव्या बाजूचा हॉर्न काढून पुढे सरकवला, मोकळ्या जागी पट्टी कसली, तिच्यावर पंखा, इंजिनातून उजवीकडे वारा फेकणारा. मग एक बटणाएवढा स्विच इंजिनाला चिकटवला आणि वायर थेट बॅटरीला जोडली.

"हा आपला आपण चालतो," तो ऑरव्हिलला म्हणाला. "इंजिन तापलं की सुरू. चावी काढली तरी गार होईपर्यंत फिरतच राहणार."

"मग तुझ्या गॅरेजच्या भट्टीत दिवसरात्र फिरेल की!"

"छे! गाडी चार-पाच मैल पळाल्याशिवाय हा ढिम्म हलायचा नाही."

स्वयंपाकघराच्या खिडकीत अर्लीन दिसली. नाकावर रुमाल होताच.

"अगं अर्लीन, ऐक ना, या पंख्याची गंमत..."

"शी! मला नको सांगूस. त्या तेलाच्या वासाने उलटी येते मला." खिडकी धाडकन बंद.

दुपारी व्हर्नन ट्रेलरपुढे उभा राहिला. "काल माझी गाडी नेलीस?"

"आईशप्पथ नाही, दाजी!" रॉडनी दचकला. "हा आखडलेला गुडघा बघा. मला गिअर तरी पडेल का?"

"मग काय किडे चालत आले काचेवर?"

आवाज ऐकून अर्लीन बाहेर आली. रॉडनीने तिच्याकडे पाहिलं. "ताई, तू तरी सांग ना यांना."

अर्लीनही त्याच्याकडे बघत राहिली. "काय सांगू? परवा तुझा तो थुंकीचा डबा माझ्या भांड्यांत सापडला. मला शिसारी आलीय, रॉडनी. जा तू."

  रॉडनी डब्यात एकदा थुंकला आणि पिशवी भरायला गेला.

शनिवारी व्हर्ननने त्याला पिकअपमधून बसथांब्यावर सोडलं. "कुठे जाशील?" या प्रश्नावर रॉडनीने फक्त खांदे उडवले. परतताना व्हर्ननने चारही काचा खाली केल्या तरी तंबाखूचा वास जाईना. पण सुटलो बुवा! आता गाडीला कुणी हात लावणार नव्हतं.

घरी अर्लीन सिंकपाशी खसाखसा तोंड धूत होती. केस चपटे, गाल लालबुंद.

"गेला?"

"गेला."

"लवकर आलास."

"रस्ता मोकळा होता. गाडी बघून येतो."

"आत्ता कशाला? जेव ना आधी. आणि... ती घाण कुठे पळून जातेय?"

तो हसला. गॅरेजचं कुलूप जसंच्या तसं होतं. त्याने दार वर सरकवलं. पुढची काच लखलखीत, एक किडा नाही! त्याने समाधानाने सीटवर थाप मारली.

डाव्या बाजूला पंखा गरगर फिरत होता.