मागच्या दाराची तपासणी

सोलापूरच्या त्या शर्टांच्या कारखान्यात मी तिथले शर्ट विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीतर्फे सुरक्षेची तपासणी करायला गेले होते. मागचं दार सताड उघडं होतं. मी टेपनं रुंदी मोजली, नियमाप्रमाणे होती. मग सराव म्हणून आगीची घंटा वाजवायला सांगितली.

घंटा झाली आणि दीडशे बायका मशीन सोडून उठल्या. उघड्या दाराकडे पाठ करून सगळ्या पुढच्या अरुंद जिन्यात शिरल्या. कॉलर शिवणारी नरसूबाई तर दारापासून चार पावलांवर बसायची. तीही तिकडेच धावली.

खाली अंगणात मी तिला गाठलं. "जवळचं दार सोडून जिन्यात का शिरलात, बाई?"

"सवयच न्हाई ओ मॅडम. आठ वर्षांत आज पहिल्यांदा उघडं दिसलं. शर्ट चोरीला जातील म्हणून कुलूप असतंय." मग तिनं माझा हात धरला. "पण लिवू नका हां. ऑर्डर गेली की आम्ही सगळ्या घरी."

मी माझ्या कंपनीच्या साहेबांना फोन करून कुलपाचं सांगितलं. "आज उघडं होतं ना? मग उघडं लिहा," ते म्हणाले.

मला एवढंच सुचलं. मी नरसूबाईला म्हटलं, "निदान दार लक्षात ठेवा. आग लागली तर त्याच दारानं पळा."

"पळतो की. पण त्या दिवशी चावी कुणाकडं असंल, तेवढं सांगून जावा."

मी फॉर्मची चारही पानं उलटून पाहिली. चावीचा रकानाच नव्हता. 'दार उघडे आहे का?' यापुढे मी 'होय' लिहिलं.